पोलंडहून आलेले डबे

सिएटलला दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास पोलिश चित्रपट महोत्सव भरतो. पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावरचं ग्दिनिया हे बंदर आणि सिएटल ही १९९३पासूनची भगिनी-शहरं. हे नातं जपणारी संस्था महोत्सव चालवते आणि सगळं काम स्वयंसेवक करतात. मी मूळची कोल्हापूरची, बाबूराव पेंटरांच्या गावची. पोलिश मी इथेच, कामाच्या ओघात शिकले. या महोत्सवात बरीच वर्षं राबते आहे, म्हणून पुण्यामुंबईचे मित्र विचारतात की तुझा यात काय संबंध, आणि असा महोत्सव इतकी वर्षं टिकतो कसा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. परदेशातला महोत्सव आपली माणसं आपल्यासाठी सुरू करतात, पण तो पुढे चालतो तो परक्या प्रेक्षकामुळे. बाकी सगळे मुद्दे याच्याच आजूबाजूचे आहेत.

१. सुरुवात भुकेतून होते

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्कींनी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला. ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. पुढच्या वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांनी देश सोडला. जी पिढी अशी बाहेर पडली ती सिनेमावर वाढलेली होती. आंद्रेय वायदांचा ‘मॅन ऑफ मार्बल’ १९७७चा आणि कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘मॅन ऑफ आयर्न’ १९८१चा. म्हणजे देशातला सिनेमा सगळ्यात निर्भय झाला होता, नेमक्या त्याच वेळी या लोकांची त्याच्यापासून ताटातूट झाली. १९८२ आणि १९८३ साली तर पोलंडचा राष्ट्रीय चित्रपट महोत्सवच भरला नाही. रिषार्द बुगायस्कींचा ‘इंटरॉगेशन’ १९८२ साली तयार झाला आणि बंदीत अडकला. त्याच्या व्हिडिओ प्रती पोलंडमध्ये चोरून हातोहात फिरत राहिल्या. तो उघडपणे प्रदर्शित व्हायला १९८९ उजाडलं, आणि १९९० साली त्यातल्या भूमिकेसाठी क्रिस्तिना यांदाला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

अमेरिकेत बसून हे सिनेमे पाहायचे कसे? नातेवाइकांनी कॅसेट पाठवली तरी इथल्या यंत्रावर ती चालत नसे, कारण युरोपातली व्हिडिओपद्धत वेगळी आणि अमेरिकेतली वेगळी. मग खरा पर्याय उरत होता तो थिएटरचा, पस्तीस मिलिमीटर फिल्मचा. शिकागोचा पोलिश महोत्सव १९८९ साली सुरू झाला. शिकागोत पोलिश वस्ती मोठी आणि जुनी. सिएटलची वस्ती त्या मानाने लहान, तरी इथेही नव्वदच्या दशकाच्या आरंभी मंडळी कामाला लागली.

ही भूक ज्यांनी सोसली ते लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलांना ती भूक नाही, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. सिनेमा कुठे मिळेल हा त्यांच्यापुढचा प्रश्न नसतो. कोणता पाहावा आणि तो कोणाबरोबर पाहावा, हा असतो. महोत्सवाने आपली उपयुक्तता वेळोवेळी नव्याने तपासली नाही, तर तो जुन्या भुकेची आठवण म्हणून उरतो.

२. डबे उचलणाऱ्याला जास्त कळतं

शंभर मिनिटांचा सिनेमा म्हणजे जवळपास पावणेतीन किलोमीटर फिल्म. पाच-सहा रिळं, पत्र्याचे डबे, वजन पंचवीस-तीस किलो. हे डबे वॉर्सोहून विमानाने निघायचे, जकातीत थांबायचे, आणि कुणीतरी ऑफिसातून अर्धी रजा टाकून ते सोडवायला विमानतळावर जायचं. जुने स्वयंसेवक महोत्सवाचा इतिहास सांगतात तो सिनेमांच्या नावांनी सांगत नाहीत. कोणते डबे शुक्रवारी संध्याकाळी पोचले, कोणती प्रत दुसऱ्या शहरातल्या महोत्सवाकडून सोमवारऐवजी शनिवारी मिळवली, अशा हिशेबाने सांगतात. एकच प्रत अमेरिकेतल्या दोन-तीन शहरांनी वाटून घेतली की वाहतुकीचा खर्च निम्म्यावर येई. आजही कोणता पाहुणा कोणत्या शहरातून पुढे कुठे जाणार हे ठरवताना हीच सवय कामाला येते.

आता डबे गेले. सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा इंटरनेटवरून येतो. अडचण संपली असं मात्र नाही, तिचं रूप बदललं. डिजिटल सिनेमाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली वेगळी येते. ती किल्ली त्या थिएटरच्या त्याच सर्व्हरला लागू होते आणि ठरावीक तासांपुरतीच चालते. ऐनवेळी खेळ शेजारच्या छोट्या पडद्यावर हलवला तर ती निरुपयोगी होते. वॉर्सो सिएटलच्या नऊ तास पुढे आहे. किल्लीवर लिहिलेली वेळ कुठली, तिकडची की इकडची, हे विचारून घ्यावंच लागतं. किल्लीची मुदत नेहमी आदल्या दिवसापासून मागावी आणि सिनेमा आदल्या दिवशी पडद्यावर लावून बघावा. पहिली पाच मिनिटं, मधली पाच, शेवटची पाच. आवाज, चौकट, सबटायटलं. नव्या स्वयंसेवकाला मी सगळ्यात आधी हे काम देते, कारण सिनेमा ही वस्तू म्हणून कशी असते ते त्यात समजतं.

३. सबटायटलं शेवटच्या रांगेत बसून तपासा

संगणकावर सुबक दिसणारी अक्षरं थिएटरच्या मागच्या रांगेतून, पांढऱ्या बर्फाच्या दृश्यावर, वाचता येत नाहीत. पोलिश सिनेमात बर्फ भरपूर असतो. दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि डोळ्याला वाचायला पुरेसा वेळ, हा साधा नियम मोडला की पोलिश न येणारा प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांतच सुटतो. तो उठून जात नाही, सभ्यपणे बसून राहतो, पण पुढच्या वर्षी येत नाही.

स्तानिस्वाव बारेयांच्या ‘मिश’सारखा १९८१चा विनोदी सिनेमा तर कसोटी पाहतो. अर्धं सभागृह संवाद संपायच्या आत हसतं, उरलेलं अर्धं ओळ वाचत असतं, आणि त्या हशात पुढचा संवाद बुडतो. अशा खेळाआधी दोन मिनिटं समाजवादी पोलंडमधल्या रांगांची, टंचाईची आणि सरकारी फाइलींची ओळख करून दिली तर दुसरा अर्धा भागही हसायला लागतो. ही दोन मिनिटं कोण बोलणार हे महिनाभर आधी ठरवावं. उत्साही माणूस दोनाची वीस करतो.

४. बिनपगारी कामाला शिस्त जास्त लागते

पगारी माणसाला कामावरून काढता येतं. स्वयंसेवकाला काढता येत नाही, त्याला फक्त दुखावता येतं. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाच्या कामाची हद्द लिहून काढावी लागते. वितरकांशी पत्रव्यवहार एकाकडे, थिएटरशी बोलणं दुसऱ्याकडे, पाहुण्यांची व्यवस्था तिसऱ्याकडे. आणि प्रत्येकाजवळ शिकणारा एक जण असायलाच हवा. माणसं गावं बदलतात, मुलं होतात, आईवडील आजारी पडतात. सगळ्या वितरकांचे पत्ते एकाच्याच डोक्यात असतील तर त्याच्याबरोबर महोत्सवही निवृत्त होतो.

पैशाबद्दलही असंच. सगळ्यात मोठा खर्च थिएटरच्या भाड्याचा, मग सिनेमा दाखवण्याच्या हक्कांचा, मग पाहुण्यांच्या विमानाचा. पोलंडमध्ये २००५च्या कायद्याने पोलिश चित्रपट संस्था स्थापन झाली. वाहिन्या, थिएटरं आणि वितरक यांच्या उत्पन्नातला दीड टक्का तिच्याकडे जातो आणि त्यातून सिनेमानिर्मितीला आणि परदेशातल्या प्रसाराला मदत मिळते. या संस्थेनंतर आम्हा बाहेरच्या महोत्सवांना दाखवण्याजोग्या सिनेमांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही वाढल्याचं मी पाहिलं आहे. मराठी सिनेमाच्या अनुदानाबद्दल बोलणाऱ्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं.

सिएटलची एक खास सोय सांगते. इथल्या मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्याने सेवाभावी संस्थेसाठी दिलेल्या तासांचे पैसे त्या संस्थेला देतात. म्हणजे तिकीटखिडकीवर उभ्या राहणाऱ्या मुलाने आपले तास नीट नोंदवले तर त्यातून पुढच्या वर्षीच्या भाड्याला हातभार लागतो. नोंद ठेवणं कंटाळवाणं असतं. तरीही ती ठेवायला लावावी.

५. आपल्याच लोकांना टोचणारा सिनेमा दाखवावा लागतो

यावर मी सगळ्यात जास्त वाद ऐकले आहेत, आणि माझं मत याच बाबतीत सगळ्यात पक्कं आहे.

२०१२ साली व्वादिस्वाव पासिकोव्स्कींचा ‘आफ्टरमाथ’ आला. दुसऱ्या महायुद्धात एका पोलिश खेड्यातल्या शेजाऱ्यांनीच ज्यूंना मारलं होतं, हे दोन भाऊ उकरून काढतात. १९४१च्या येद्वाब्ने इथल्या हत्याकांडाची छाया त्यावर आहे. त्यातल्या मुख्य नटाला, माचेय श्टूरला, पोलंडमध्ये शिव्याशाप झेलावे लागले. पाठोपाठ पावेव पाव्लिकोव्स्कींचा ‘इडा’ आला. त्याला २०१५ साली परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्या विभागातलं पोलंडचं पहिलंच. आणि त्याच सुमारास पोलंडमध्ये सह्यांची मोहीम निघाली होती की सिनेमाच्या सुरुवातीला ऐतिहासिक खुलासा जोडा, नाहीतर जगाचा आपल्याबद्दल गैरसमज होईल. २०१८च्या ‘क्लेर’मध्ये वोइचेख स्माझोव्स्कींनी कॅथलिक धर्मगुरूंचे गैरव्यवहार दाखवले. पोलंडमध्ये पन्नास लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला आणि देश दुभंगला. २०२३ साली अग्न्येश्का होलांड यांचा ‘ग्रीन बॉर्डर’ आला, बेलारूसच्या सीमेवर अडकलेल्या निर्वासितांवरचा. व्हेनिसला त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, तर मायदेशी मंत्र्यांनीच त्याच्यावर तोफ डागली.

असा सिनेमा परदेशातल्या महोत्सवात लावायचा म्हटलं की भलीभली, प्रेमळ माणसं अस्वस्थ होतात. घरची धुणी अमेरिकनांपुढे का धुवायची, असं विचारतात. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. परदेशात माणूस आपल्या देशाचा नकळत वकील होतो. ज्याने विनोदांत आणि टोमण्यांत आपल्या देशाचं नाव ऐकलेलं असतं, त्याला मोठ्या पडद्यावर आपली काळी बाजू दिसली की ती दुप्पट काळी वाटते.

मला हा वाद नवा नव्हता. १९८० साली थिएटर अकादमीचा ‘घाशीराम कोतवाल’ युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा महाराष्ट्रात नेमकं हेच म्हटलं गेलं होतं: परक्यांपुढे आपली बदनामी कशाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, नाटक अखेर गेलं, आणि मराठी रंगभूमीचं नाव त्याने युरोपात पोचवलं. हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा टेबलाभोवतीच्या कुणालाच घाशीराम माहीत नव्हता, पण प्रश्न सगळ्यांना ओळखीचा होता. बाहेरच्या माणसाचा अशा कामात एक उपयोग असतो. त्याला कुठल्याही गटात मोजता येत नाही, म्हणून त्याचं ऐकून घेतलं जातं.

माझा अनुभव असा की परका प्रेक्षक अशा सिनेमामुळे पोलंडला नावं ठेवत नाही. इतक्या कठोरपणे स्वतःकडे बघणारा सिनेमा काढणाऱ्या देशाबद्दल त्याच्या मनात आदरच निर्माण होतो. तो पुढच्या दिवशी दुसरा सिनेमा बघायला येतो. गोड-गुळगुळीत सिनेमेच दाखवले तर महोत्सव आपल्या लोकांपुरता उरतो, आणि आपले लोक हळूहळू कमीच होत जाणार असतात.

मात्र काही पथ्यं पाळावीत. सिनेमा कशावर आहे ते कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापावं, कुणाला फसवून आत बसवू नये. खेळाआधी क्षमायाचना करू नये. चर्चेत विरोध करणाऱ्याला पहिला माईक द्यावा. त्याला बोलू दिलं की तो पुढच्या वर्षीही येतो, आणि त्याचं येणं मला समर्थकाच्या येण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

६. काही सिनेमांनंतर चर्चा ठेवू नये

वायदांचा २००७चा ‘कातिन’ हा त्यातला पहिला. १९४० साली सोव्हिएत पोलिसांनी कातिनला आणि इतरत्र जवळपास बावीस हजार पोलिश अधिकारी आणि सुशिक्षित कैद्यांना गोळ्या घालून मारलं. त्यात वायदांचे वडीलही होते. सत्तेने अर्धशतक हा गुन्हा नाझींच्या माथी मारला. सिनेमाची शेवटची काही मिनिटं ज्याने पाहिली आहेत त्याला कळेल की दिवे लागताच माईक घेऊन मंचावर चढणं किती क्रूर असतं. बाहेर मोकळी जागा ठेवावी, कॉफी ठेवावी, बास.

अशाच एका मोकळ्या जागेत एका वृद्ध पोलिश बाईंनी मला गाव विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि ‘वळिवडे’ म्हणाल्या. त्यांचं लहानपण तिथल्या कॅम्पात गेलं होतं.

कोल्हापूरकरांना हा इतिहास थोडाफार ठाऊक असतो, बाकी महाराष्ट्राला फारसा नसतो. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलली. त्यातली जी वाचली त्यांच्यातली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांचा कॅम्प होता, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटांचे मेळावे, सगळं त्या छोट्या पोलंडमध्ये होतं. घरचे पुरुष सैन्यात होते, नाहीतर मारले गेले होते. काहींचे तर कातिनलाच. पुढे ही माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगली, आणि त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते. वॉर्सोत वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा बऱ्याच मराठी लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्या बाईंनी मला वळिवड्याच्या स्टेशनाबद्दल विचारलं, पंचगंगेबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं. त्यानंतर ‘तू पोलिश महोत्सवात काय करतेस’ हा प्रश्न निदान त्या खोलीत कुणी विचारला नाही. बालाचडी आणि वळिवड्यावर २०१३ साली ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट निघाला आहे. परदेशात पोलिश आणि भारतीय प्रेक्षकाला एका सभागृहात बसवायचं तर याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

७. मुलांसाठी रविवारची सकाळ राखा

बोलेक आणि लोलेक, रेक्सियो नावाचा कुत्रा: ब्येल्स्को-ब्याव्वाच्या स्टुडिओत तयार झालेल्या या कार्टूनपटांना संवाद लागतच नाहीत, निदान फार कमी लागतात. पोलिश विसरत चाललेली नातवंडं आणि त्यांचे अमेरिकन वर्गमित्र ते एकत्र पाहू शकतात. मोठ्यांसाठी झ्बिग्न्येव रिब्चिन्स्कींचा ‘टँगो’ आहे. एका खोलीत एकेक करून छत्तीस माणसं शिरतात, आपापली हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतात आणि एकमेकांना धडकत नाहीत. आठेक मिनिटांच्या या लघुपटाने १९८३ साली ऑस्कर मिळवलं. आणि २०१७चा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’, ज्याच्या सुमारे पासष्ट हजार चौकटी चित्रकारांनी तैलरंगात रंगवल्या. पोलंडशी काडीचा संबंध नसलेली माणसं अशा सिनेमांच्या बोटाला धरून आमच्याकडे येतात.

८. कागद टाकू नका

पोस्टर ही पोलंडची मोठी कला. हेन्रिक तोमाशेव्स्की, यान लेनित्सा, वाल्देमार श्व्येझी यांनी सिनेमाच्या पोस्टरला चित्रकलेच्या पंगतीला बसवलं. अशा परंपरेतल्या महोत्सवांचीही सुरुवातीची पत्रकं, तिकिटं, पाहुण्यांची पत्रं कुणाच्या तरी तळघरात ओल खात पडलेली असतात, आणि घर विकताना कचऱ्यात जातात. प्रत्येक वर्षाचा एक खोका करावा. पत्रिका दोन प्रती, पोस्टर एक, हिशेब, कामाची यादी आणि कोणता खेळ का फसला याची टिपणं. फसलेल्याची टिपणं सगळ्यात मोलाची.

९. मराठी मित्रांसाठी

२०२४ साली सॅन होजेला ‘नाफा’ या संस्थेचा मराठी चित्रपट महोत्सव झाला तेव्हापासून मला अधूनमधून फोन येतात की आमच्याही गावी असं काही सुरू करायचं आहे. मी पहिला प्रश्न विचारते: मराठी न येणारी किती माणसं येतील? उत्तरादाखल बहुतेक वेळा विषय बदलून जेवणाच्या व्यवस्थेकडे जातो. जेवण हवंच, पोलिश महोत्सवातही पिएरोगी असतातच. पण मी सांगते की पहिल्या वर्षी तीनच सिनेमे लावा. एक सगळ्यांना आवडेल असा, एक मुलांचा, आणि एक असा की जो लावताना तुमच्याच मंडळात दोन तट पडतील. तिन्हींची इंग्रजी सबटायटलं स्वतः शेवटच्या रांगेत बसून वाचा. निम्मी पत्रकं मंडळाच्या गटात न वाटता सार्वजनिक वाचनालयात, विद्यापीठाच्या सिनेमा विभागात, शेजारच्या कॉफीच्या दुकानात ठेवून या. आणि तिकीटखिडकीवर एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येक अमराठी माणसाला विचारा की तुम्हाला हे कुठून कळलं, आणि त्याचं उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. दुसऱ्या वर्षीची पत्रकं कुठे ठेवायची ते त्या वहीवरून ठरवा.